आडवारचं पाणी

"माझी कळशी बघा गं बायांनो, आलेच," म्हणत अनसाक्का पुन्हा घराकडे पळाली आणि रांगेतल्या बायका हसल्या.

"काय गं, म्हातारं पळून जाईल व्हय तुझं?" एकीनं मागून हाक टाकली.

"जाईल! त्याचा काय नेम?" पळता पळताच अनसाक्का म्हणाली. "जाताना सांगून जावा म्हनलंय, पर त्यांनी माझं आजवर कधी ऐकलंय?"

पुन्हा हशा. मी खांद्याला पिशवी लावून कोष्टी गल्लीच्या सार्वजनिक नळापाशी उभी होते. नगरपालिकेच्या पाणी खात्यात समूह संघटिका म्हणून लागून मला फार दिवस झाले नव्हते. पद ऐकायला भारदस्त, काम मात्र दारोदार फिरायचं. गोरगरिबांच्या गल्ल्यांत जायचं, बायकांना गोळा करायचं आणि म्हणायचं, बायांनो, घरात नळ घ्या, तुमच्यासाठी अर्धी पाणीपट्टी करतोय. बायका ऐकून घ्यायच्या, चहा पाजायच्या आणि वाटेला लावायच्या. नगरपालिकेनं काही स्वस्त दिलं की त्यात पाणी मुरतंय, हे त्यांना आईच्या दुधातून कळलेलं होतं.

त्या दिवशी अनसाक्का रांगेतून तीनचारदा घरी जाऊन आली. साठीच्या आसपासची, काटकुळी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू आणि कोपरापर्यंत जाईल असं वाटावं इतका हिरवा चुडा. शेवटच्या खेपेला मीही तिच्यामागोमाग गेले. घर म्हणजे एक लांबोळी खोली. दारातच कांड्यांवर सूत भरायचा रहाट, त्या कांड्यांची पाटी आणि आत भिंतीला टेकवून ठेवलेला तिचा नवरा, बाळकू रोडे. जन्मभर हातमाग ओढलेला माणूस. अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यात छातीही भरलेली. बोलणं मात्र शाबूत होतं. नको तितकं शाबूत होतं.

"कोन आलंय?" त्यानं विचारलं.

"नगरपालिकेच्या बाई हाईत."

"मला उचलून न्यायला आल्यात व्हय? कचऱ्याची गाडी तर सकाळीच गेली."

"गप बसा," अनसाक्का म्हणाली, पण तिला हसू आलंच.

मी माझं तोंडपाठ भाषण सुरू केलं. तिनं ते मधेच तोडलं. "पोरी, ते समदं ऱ्हाऊ दे. नळ घरात कुठं बसंल ते सांग."

"कुठंही. दारापाशी, मोरीत..."

"ह्यांच्या उशाशी बसंल का?"

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती रहाटापाशी बसली आणि खालच्या आवाजात बोलू लागली. बाळकूदादा ऐकत होते, त्यांच्या देखतच बोलली. तिची सासू गेली तेव्हा ती नळावर होती. घरात कुणी नाही. म्हातारी पाणी पाणी करत गेली असणार, कारण हात तांब्याच्या दिशेला लांबलेला होता आणि तांब्या रिकामा होता. अनसाक्का भरली कळशी डोक्यावर घेऊन दारात आली ती हे बघायला.

"पान्यासाठी गेले आन् पानीच चुकलं बघ," ती म्हणाली. "कांड्या भरायचं काम मी घरात बसून करते. भरलेल्या पोचवायला कारखान्यात जाते, ती गेले की आले. पर पान्याला अर्धा दिस जातोय. तेवढ्यात हे गेले तर? मूल न्हाई, बाळ न्हाई. शेवटचं दोन थेंब तोंडात घालायला माझ्याबिगार हाय कोन? मला बाकी कायबी नगं. त्या वक्ताला मी हिथं पायजे."

"आन् मी कवा जानार ते मला तरी कुठं ठावं हाय," बाळकूदादा म्हणाले. "न्हाईतर दवंडी पिटून गेलो असतो."

अर्जावर पहिला अंगठा अनसाक्काचा उठला. मग तीच माझ्याबरोबर घरोघरी हिंडली. माझ्या पत्रकांनी जे झालं नव्हतं ते तिच्या तोंडानं झालं. "घ्या गं," ती म्हणायची, "आज न्हाई उद्या तुमच्याबी घरात कुनीतरी अंथरुनाला खिळंलच की." असलं आमंत्रण कुणी नाकारावं? निम्म्याहून जास्त गल्लीनं अर्ज भरले.

त्याच दिवसांत मला आडवारच्या पाण्याची ओळख झाली. आमच्या शहरात तेव्हा नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. गल्लीगल्लीची पाळी ठरलेली, तिलाच सगळे वार म्हणायचे. रस्त्यातल्या चाव्या सोडायला आणि बंद करायला भोरेमामा होते, खांद्यावर लांबलचक लोखंडी दांडा टाकून सायकलवर फिरणारे. एका दुपारी मी गल्लीत बायकांशी बोलत बसले होते आणि कोपऱ्यावरचा नळ एकाएकी धो धो वाहू लागला. गल्लीचा वार नव्हता. मला वाटलं, आता झुंबड उडणार. पण कुणी घागर उचलली नाही. हातातली कामं तशीच टाकून बायका दारात आल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या, "कोन गेलं? कोन गेलं गं?"

पलीकडच्या बोळातली एक म्हातारी गेली होती. मयताला आंघोळ घालायची, खांदेकरी मसणातून परत आले की त्यांच्या अंगावर पाणी घालायचं, घर धुवायचं. चार दिवसांच्या साठवणीतून हे भागणार कसं? म्हणून गल्लीत कुणी गेलं की भोरेमामांना निरोप जायचा आणि मामा वार नसताना चावी सोडायचे. त्यांच्या आधीचे चावीवालेही सोडायचे. लेखी हुकूम कुठंच नव्हता. हेच आडवारचं पाणी, आधी मयताच्या घरचं, मग उरलं तर इतरांचं.

मी आमच्या अभियंत्यांना, कुंभोजे साहेबांना, हे विचारलं. साहेब अंदाजपत्रकाच्या कागदांत बुडालेले. नदीवरून पाणी उपसायच्या विजेचं बिल पाणीपट्टीच्या वसुलीला कधीच मागं टाकून गेलं होतं आणि अंथरूण ओढावं तर पाय उघडे, अशी खात्याची अवस्था होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आम्हाला माहीत आहे की," ते म्हणाले. "ते पाणी आम्ही गळतीत दाखवतो."

"गळतीत?"

"मग काय अंदाजपत्रकात मयताचं पाणी म्हणून वेगळं कलम घालू? माणूस गळालाच की एक." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्या त्या सवलतीचं बघा. ती या अंदाजपत्रकाच्या सभेत मंजूर झाली तर झाली. अध्यक्षांना सभेआधी एक उद्घाटन हवंय. कोष्टी गल्लीतला पहिला नळ सुरू करू, फोटो काढू, सभासदांची तोंडं बंद होतील."

पहिला नळ अर्थातच अनसाक्काचा. प्लंबरनं तो खरोखर बाळकूदादांच्या उशाशी, भिंतीत बसवून दिला. खाली एक लहानशी दगडी मोरी. उद्घाटनाचा दिवस ठरला. तो काही गल्लीच्या पाण्याचा वार नव्हता, म्हणून भोरेमामा स्वतः घरोघर जाऊन सांगून आले, "बायांनो, त्या दिशी पानी येईल ते सोहळ्याचं. घाबरू नगा." अनसाक्काला तर त्यांनी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मी काय कुकुलं बाळ हाय? त्या दिशी मी दारात रांगोळी घालनार हाय."

आणि आदल्या दिवशी सकाळी नगरपालिकेत निरोप आला. अध्यक्षांना मुंबईचं बोलावणं आलंय, दुपारच्या गाडीनं निघायचंय, तेव्हा उद्घाटन आजच, आत्ताच उरकायचं.

आमची जीप गल्लीत शिरली तेव्हा भोरेमामा धापा टाकत समोर आले. "साहेब, गल्लीला उद्याचं सांगितलंय."

"मग आज सांगा," कुंभोजे साहेब म्हणाले. "लोक आहेतच की समोर."

लोक होतेच. जीप आणि पांढऱ्या टोप्या बघून सगळी गल्ली गोळा झालेली. ज्याला त्याला बघूनच कळलं की सोहळा आज आहे. फक्त अनसाक्का घरात नव्हती. ती भरलेल्या कांड्या पोचवायला पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात गेली होती, उद्या दिवसभर मोकळीक मिळावी म्हणून. मी म्हटलं, थांबू या, ती येईलच. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा शब्द गिळला.

"मी घिऊन येते की तिला," शेजारची सुंद्रा म्हणाली आणि पदर खोचून पळत सुटली.

इकडे अध्यक्ष पुढाऱ्यांसह खोलीत शिरले. एकानं आणलेला झेंडूचा हार अध्यक्षांच्या गळ्यात घातला. अध्यक्ष माणूस मोठ्या मनाचे. त्यांनी तो काढून भिंतीला टेकलेल्या बाळकूदादांच्या गळ्यात घातला. दादांना सकाळपासून खोकून खोकून ग्लानी आलेली. त्यांनी डोळे उघडले, हार बघितला, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा मिटले. बाहेर साहेबांनी हात वर केला, भोरेमामांनी चावी फिरवली. नळातून आधी फुसफुसत वारा आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. टाळ्या झाल्या. कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळही वाहू लागला, कारण चावी दोन्हींची एकच.

पुढचं मला सुंद्रानं नंतर सांगितलं. ती कारखान्याच्या दारात पोचली, तिथून दिसणारा कोपऱ्यावरचा नळ वाहताना बघून तिनं टाळ्या पिटल्या आणि आनंदानं ओरडली, "अनसाक्का, चल लवकर घरला! पानी आलंय!"

ते आडवारचं पाणी. धावत आलेली शेजारीण. लवकर घरी चल. अनसाक्कानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कोपऱ्यावर वाहणाऱ्या नळाकडे. सुंद्रा पुढं काय सांगतेय ते तिच्या कानातच शिरलं नाही. ती कारखान्याच्या उंबऱ्यावर मटकन बसली आणि दोन्ही हात उंबऱ्याच्या दगडावर आपटले. सुंद्रानं तिला धरायच्या आत कपाळ पुसून मोकळी झाली होती.

आम्हाला तिचा आवाज आधी ऐकू आला. गल्लीच्या तोंडाशी हंबरडा उठला आणि गर्दी आपोआप दुभंगली. ती आली ती दोन्ही मनगटं रक्ताळलेली, कपाळावर कुंकवाचा फराटा, पदर जमिनीवर लोळतोय. दारात पांढऱ्या टोप्यांची रांग. आत भिंतीला टेकून बसवलेला नवरा, मान कलती, डोळे मिटलेले, गळ्यात हार. तिला आणखी काय सांगायला हवं होतं?

"मला न्हाई थांबला, मला न्हाई थांबला धनी," म्हणत तिनं त्यांच्या पायांवर डोकं आपटलं.

बाळकूदादांनी डोळे उघडले.

"काय झालं गं?" ते म्हणाले. "कोन गेलं?"

उशाशी नळ तेवढा वाहत होता. अनसाक्कानं मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग सावकाश तिनं आपले हात बघितले. बाहेरच्या एका म्हातारीनं "अगं बया, अगं बया" करत तोंडात पदर कोंबला. नवरा जिता असताना बाईनं हातानं चुडा फोडला होता. याहून मोठा अपशकुन त्या गल्लीला ठाऊक नव्हता. अध्यक्ष मागच्या मागे जीपमध्ये जाऊन बसले. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला, तेवढी त्याची माणुसकी.

मी तिला धरायला गेले. तिनं मला हातानं दूर केलं. "मी काय केलं हे," ती म्हणत होती, "मी काय करून बसले."

बाळकूदादांना सगळं उमगायला वेळ लागला नाही. त्यांनी डाव्या हातानं, तोच त्यांचा चालायचा, गळ्यातला हार ओढून काढला आणि नळाखाली टाकला. "आमच्या बाईला घाई झालीय," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. मग ते सुंद्राला म्हणाले, "कासारनीला बलाव. आत्ताच्या आत्ता. चुडा भरायचाय म्हनावं."

"नगं," अनसाक्का म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं भरू?"

"मी मेलोय का?"

"असं बोलू नगा हो."

"मग मी हाय. आन् मी हाय तवर तुझे हात मोकळे मला चालायचे न्हाईत. हात फुडं कर."

कासारीण आली. तिनं फडक्यानं रक्त टिपलं, तेल लावलं आणि एकेक बांगडी चढवली. शेवटची बांगडी बाळकूदादांनी मागून घेतली. एका हातानं बांगडी चढवणं सोपं नसतं. किती वेळ ते खटपट करत होते, आणि अनसाक्का बोटं आवळून हात त्यांच्यापुढे धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

सभा झाली. पाणीपट्टी सगळ्यांचीच वाढली, पण घरात नळ घेणाऱ्या गरीब गल्ल्यांना ती अर्धी मंजूर झाली. एका सभासदानं अट घालून घेतली की, जिथं बहुतेक घरांत नळ गेले तिथला फुकटचा सार्वजनिक नळ बंद करायचा. "एका हातानं सवलत द्यायची आणि दुसऱ्या हातानं पाणी ओतून द्यायचं, हे कुठल्या अंदाजपत्रकात बसतं?" त्यांनी विचारलं. बसत नव्हतंच. मला ती अट गैर वाटली नाही. घरात नळ असल्यावर कोण कशाला रस्त्यावर उभं राहील? माझ्या नोकरीतलं ते पहिलं यश होतं. कुंभोजे साहेबांनी सगळ्या खात्याला पेढे वाटले.

पुढं मी त्या घरी अधूनमधून जात राहिले. नळानं दादांना एक काम मिळालं होतं. पाणी यायच्या आधी नळात वारा फुसफुसतो, तो आवाज ते उशाशी असल्यानं सगळ्यांच्या आधी टिपायचे. "आलं गं," असं ते एवढ्या रुबाबात ओरडायचे की जणू तेच चावी सोडून आलेत. भिंतीपलीकडची सुंद्राही त्यांच्या हाळीवर घागरी मांडायची. अनसाक्का हसायची. मग पाणी भरता भरता मधेच थांबून आपल्या मनगटाकडे बघत राहायची.

एकदा मला दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिनं माझा हात धरला. "पोरी, तू शिकलीसवरलेली हाईस. खरं सांग. त्या दिशी मी त्यास्नी बोलावनं धाडलं का गं?"

"कुणाला, अक्का?"

"यमाला."

मी तिला समजावलं. बांगड्या काचेच्या असतात, त्या फुटतात, असलं काहीबाही. ती मान डोलवत राहिली, माझं मन राखायला. आत बाळकूदादांचा खोकला चालू होता आणि तो दिवसेंदिवस खोल जात होता, हे आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं.

थंडी ओसरायच्या सुमाराला एका सकाळी मी कचेरीत पोचले तर भोरेमामा पायरीवर बसलेले. खांद्यावर दांडा नव्हता. "बाई, बाळकू रोडे गेले," ते म्हणाले आणि माझ्यापुढे सायकल हाणत निघाले.

त्या दिवशी कोष्टी गल्लीच्या पाण्याचा वार होता. घराघरांत नळ वाहत होते. अनसाक्काच्या दारात बायका जमल्या होत्या आणि आतून रडण्याचा आवाज येत होता, तो तिचा नव्हता. ती नवऱ्याच्या उशाशी, नळाला पाठ लावून बसली होती. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर. हात अजून भरलेले.

सुंद्रा मला बाजूला घेऊन कुजबुजली. "काल दिवेलागनीला गेलेत. हिनं दार लावून घेतलं आन् रातभर एकली बसली. आमाला भिंतीपल्याड पत्ता न्हाई. सकाळी नळ आलं, दादांची हाळी आली न्हाई, तवा माझ्या मनात चर्र झालं. तेवढ्यात हिनंच दार उघडलं. घागर भरून घेतली हुती. म्हनली, या आता."

भोरेमामा दारात उभे होते. म्हातारा माणूस, पण लहान पोरासारखा तोंड वाकडं करून रडत होता. "आक्का, मला का न्हाई कळवलंस?" ते म्हणाले. "रात्रीच सोडलं असतं की मी पानी. धावत आलो असतो."

"म्हनूनच न्हाई कळवलं, मामा," अनसाक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "त्या आडवारच्या पान्यानं माझं कुंकू एकदा पुसलंय. दुसऱ्यांदा त्याच्या हातनं नगं हुतं. म्हनलं, उद्या आपला वार हाय. पानी आपल्या वाराला यील. तवर बसते."

मामा खाली बसले. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि तिलाच त्यांची कीव आली असावी. "तुमचा काय दोष न्हाई हो त्यात," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावलं आणि अगदी कानाशी, जणू एखादी चोरून ठेवलेली गोष्ट दाखवावी तसं सांगितलं, "पोरी, मी हुते. हितंच हुते. त्यांनी पानी मागितलं. दोन चमचं माझ्या हातनं गेलं. तिसरं गालावरनं खाली आलं."

एवढंच तिला हवं होतं आणि ते तिला मिळालं, असं मी स्वतःला बजावत घरी गेले. त्यावर मला झोप लागली.

दिवस-कार्य झाल्यावर ती एकदा कचेरीत आली. मोकळं कपाळ, मोकळे हात. मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती घोटभर प्याली आणि म्हणाली, "नळ काढून टाका माझा."

"का, अक्का? पट्टी अर्धीच आहे. तीही जड जात असेल तर..."

"पट्टीचं न्हाई गं. अर्धी काय, फुकट दिलास तरी आता कशाला? घरात ऱ्हायला तो नळ मागितला हुता मी. आता घरात कुनासाठी ऱ्हाऊ? फुसफुसतोय उशाला, आन् 'आलं गं' म्हनायला कोन न्हाई. आपली कळशी घीन आन् पहिल्यासारखी रांगेत उभी ऱ्हाईन. तेवढीच चार मान्सं तोंडाला तोंड देतील. आता पळत जायचंबी काम न्हाई. रांग कितीबी लांब असू दे."

तिला ठाऊक नव्हतं. सवा महिना ती घराबाहेरच पडली नव्हती. ज्या गल्लीत दारोदार फिरून तिनं अंगठे मिळवले, तिथं बहुतेक घरांत नळ गेले होते, आणि अटीप्रमाणे कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ नगरपालिकेनं मागच्याच आठवड्यात कापून टाकला होता. दगडी कट्टा तेवढा उरला होता, आणि येताना तिनं मान वर करून तिकडे बघितलं नसावं.

"अक्का," मी म्हटलं, "तो नळ आता नाही. बंद झाला. आता रांग नसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. असता तर बरं झालं असतं.

"असं व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळानं उठली, पदर नीट केला. "मग ऱ्हाऊ दे. हाय तसा ऱ्हाऊ दे."

पुढच्या पाण्याच्या वाराला मी मुद्दाम गल्लीत गेले. घरोघर पाणी भरायचं चाललेलं, दारं लोटलेली, आतून भांड्यांचे आवाज. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या कोरड्या कट्ट्यापाशी अनसाक्का उभी होती. कळशी तिनं आपल्यापुढे खाली ठेवली होती, रांगेत ठेवतात तशी.